न विकलेलं दूध

“असा ताप याआधी कितीदा आला होता?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

बसम्मा बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली. चार वेळा असेल, पाच वेळा असेल. दर वेळी तिनं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या खेपेला. हे सांगताना तिच्या आवाजात काटकसरी बाईचा थोडा ताठाही होता. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, तसा तो उतरला.

सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड होता. सकाळचे दहा वाजले असतील. बसम्माची सहा वर्षांची शिवलीला खाटेवर पडून होती, हाताला सलाइन लावलेलं. खाटेच्या पायथ्याशी फुलाबाई उभी होती. ती होटगीजवळच्या वस्तीवर राहायची आणि रोज पहाटे टमटमनं येऊन भवानी पेठेत दुधाचा रतीब घालायची. बारा घरांचं दूध घालून ती आज थेट इकडं आली होती. हातात पोरीसाठी आणलेली छोटी किटली होती.

पोरीच्या लघवीतले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले होते. तपासणीचा कागद आला होता. त्यावर चौदा औषधांची नावं होती आणि त्यातल्या बारा नावांपुढं फुल्या होत्या.

“या बारा औषधांना हे जंतू आता जुमानत नाहीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दोनच उरलीत. तीही शिरेतून द्यायची, दहा दिवस. अर्धवट गोळ्यांचा हा प्रताप आहे. मध्येच सोडल्या की लेचेपेचे जंतू मरतात आणि उरलेले औषध पचवून बसतात.”

बसम्मानं कपाळावर हात मारून घेतला. आजूबाजूच्या खाटांवरच्या आया तिच्याकडं बघू लागल्या. आपल्या पोराचं दुखणं देवाच्या करणीनं आलं आणि हिच्या पोरीचं हिच्या करणीनं, असं काहीतरी त्यांच्या नजरेत होतं. बसम्मा विधवा होती. नवरा यंत्रमागावर होता, पोरगी तीन वर्षांची असताना गेला. चादरींच्या कडेच्या दशांना गाठी मारून ती पोट भरत होती. लोकांनी तिच्याकडं असं बघण्याची तिला सवय नव्हती.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि एकाला सांगता सांगता सगळ्या वॉर्डाला शिकवायची त्यांना खोड होती. त्या म्हणाल्या, हे नुसत्या गोळ्यांचं नाही. कोंबड्यांना, गाईंना जी औषधं देतात तीही थोडी थोडी अंड्यातून, मटणातून, दुधातून आपल्या पोटात येतात. एवढ्याशा औषधानं जंतू मरत नाहीत, उलट त्यांना त्याची सवय होते. मग त्यांनी शिवलीलाच्या कागदावर नजर टाकून विचारलं, हिला दूध कुठलं देता?

बसम्मानं मान वर केली. एवढं एक तरी तिच्याकडं ताठ मानेनं सांगण्यासारखं होतं.

“घरच्या गाईचं, बाई. ही आमची फुलव्वा. तीन वर्सं झाली, पोरीला फुकट दूध घालते बघा. एक पैसा घेत न्हाई.”

डॉक्टरबाई फुलाबाईकडं वळल्या. गाय आजारी असते, औषध चालू असतं, तेव्हाच्या दुधाचं काय करता, असं त्यांनी विचारलं.

“त्या दिसांचं दूध आमी इकत न्हाय, बाई,” फुलाबाई म्हणाली.

“शाब्बास,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ऐकलंत सगळ्यांनी? असं प्रत्येकानं केलं तर आमचं निम्मं काम हलकं होईल.”

सगळ्या वॉर्डानं फुलाबाईकडं पाहिलं. बसम्मानं तर असं पाहिलं की जणू शाबासकी तिलाच मिळाली. फुलाबाई हातातल्या किटलीकडं बघत राहिली. ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती आणि तरीही तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

फुलाबाईनं ते दूध खरंच कधी विकलं नव्हतं. सासरी मेंढरं होती तोवर तिचा दुधाच्या धंद्याशी संबंध नव्हता. नवरा ज्ञानबा गेला आणि मेंढरांमागं हिंडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मुलानं, धनाजीनं, कळप मोडून तीन संकरित गाई आणल्या. फुलाबाईनं रतीब धरला आणि थोड्याच दिवसांत भवानी पेठेत तिच्या दुधाचं नाव झालं. पाण्याचा थेंब नाही. कुणी शंका घेतली तर ती त्या घरच्या देव्हाऱ्याकडं बोट दाखवायची आणि तेवढ्यावर माणसं गप्प व्हायची, कारण ते खरंच होतं.

मग मैना गाईला दगडी झाली. कास दगडासारखी टणक, सड गरम, दुधात गाठी. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी सडात औषधाची ट्यूब सोडली आणि बजावलं, शेवटच्या ट्यूबनंतर चार दिवस हे दूध विकायचं नाही, मावशी. वस्तीवरची बाकीची मंडळी असलं दूध बिनदिक्कत कॅनमध्ये मिसळत. फुलाबाईनं डॉक्टरांचा शब्द पाळला. एक कप विकला नाही.

पण मग त्या दुधाचं करायचं काय? गाठी गेल्या की दूध दिसायला पांढरंशुभ्र असायचं. ते मातीत ओतायचं? तिच्या सासरी दुधाचा थेंब सांडला तरी बोट बुडवून डोळ्यांना लावत. दूध ओतणाऱ्या बाईची गाय आटते, असं सासू म्हणायची. डॉक्टरांनी विकू नका म्हटलं होतं, पिऊ नका म्हटलं नव्हतं. ज्या वाड्यात फुलाबाई वरच्या मजल्यावर रतीब घालायची त्याच वाड्यात जिन्याखालच्या खोलीत बसम्मा नुकती विधवा झालेली, पोरगी दारात रिकामा पेला घेऊन खेळत बसलेली. फुलाबाईनं तो पेला भरला. विकलंही नाही आणि वायाही गेलं नाही, शिवाय पुण्य पदरात पडलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला ते सुचलं नाही.

पुढं मैनाची दगडी दुसऱ्या गाईला गेली, दुसरीची तिसरीला. डॉक्टरांना बोलवायचं धनाजीनं सोडून दिलं. ट्यूब तो स्वतःच आणायचा आणि सड जरा कोमट लागला तरी सोडायचा. त्यामुळं दर महिन्याला पाच-सहा दिवस तरी न विकायचं दूध निघायचं आणि ते सगळं जिन्याखालच्या खोलीत जायचं. उकळून घे गं, एवढं फुलाबाई न चुकता सांगायची. बसम्माची आई तिकडं अक्कलकोटाकडं वारलेली. बसम्मानं फुलाबाईलाच अव्वा, म्हणजे आई मानलं आणि तिची फुलव्वा करून टाकली. पोरीला शाळेत घातलं त्या दिवशी ती शिवलीलाला फुलाबाईच्या पाया पडायला घेऊन आली होती.

आणि आजच्या किटलीत मैनाचं दूध होतं. परवा ट्यूब सोडलेल्या मैनाचं.

डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडं गेल्या. बसम्मानं डोळे पुसले, फुलाबाईच्या हातातली किटली घेतली आणि पेल्यात ओतायला झाकण काढलं. दूध वस्तीवरूनच उकळून आणलेलं होतं. पोरीनं उशीवरून मान उचलली.

इथं फुलाबाईनं तोंड उघडायला हवं होतं. नको देऊ, एवढे दोन शब्द पुरले असते. पण नुकती मिळालेली शाबासकी सगळ्या वॉर्डाच्या कानांत ताजी होती. फुलाबाईनं पदर सावरल्यासारखं केलं आणि कोपरानं किटलीला धक्का दिला. दूध फरशीवर पसरलं.

सगळ्या बायका हळहळल्या. सिस्टर आली आणि बसम्मालाच रागावली. बसम्मा मात्र फुलाबाईची समजूत घालत होती. वय झालं की हात थरथरतातच, फुलव्वा, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिनं गुडघे टेकून जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं फरशी पुसली आणि पुसण्याआधी त्या दुधात बोट बुडवून आपल्या डोळ्यांना लावलं, मग पोरीच्या डोळ्यांना. फुलाबाई भिंतीला टेकून ते बघत राहिली. आपण चोरी केली असती तरी एवढी लाज वाटली नसती, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गुरांचे डॉक्टर कुणाच्या तरी म्हशीसाठी आले होते. फुलाबाईनं त्यांना रस्त्यातच गाठलं आणि आडून आडून विचारलं, दूध उकळलं की औषध जात असेल ना?

“उकळून जंतू मरतात, मावशी,” ते म्हणाले. “औषध बहुतेक तसंच राहतं.”

तुमी इकू नका म्हटला हुता, पिऊ नका म्हटला न्हवता, असं ती म्हणाली. डॉक्टर हसले आणि मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. थोडा विचार करून त्यांनी कबूल केलं की पिऊ नका असं ते कुणालाच वेगळं सांगत नाहीत, माणसाला ते समजतं असं धरून चालतात. मग तिनं पोरीचं सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोरीचं दुखणं तुमच्या दुधानंच झालं असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. अर्ध्या सोडलेल्या गोळ्या असतील, पाणी असेल, बाहेरचं खाणं असेल. थोडं थोडं सगळ्याचंच असतं.

फुलाबाईनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवावं तसं धरून ठेवलं. कुणीही सांगू शकणार नाही. दोन दिवस ती स्वतःला हेच सांगत होती आणि बारा घरांना दूध घालत होती. दवाखान्याकडं मात्र तिचे पाय वळले नाहीत. न राहवून तिनं धनाजीपाशी विषय काढला. तो गोठ्यात कडबा टाकत होता.

“गप बस की, आई,” तो म्हणाला. “डाक्टरनीनं शाबास म्हटलं न्हवं? मग झाकली मूठ ऱ्हाऊ दे. उद्या बारा घरं म्हनतील, आमाला बी तसलंच घालत असंल ही म्हातारी.”

“मग ते दूध आपल्या सृष्टीला का देत न्हवतो आपण?”

सृष्टी ही धनाजीची मुलगी, शिवलीलाच्याच वयाची. तिनं कधी त्या चरवीकडं हात केला तर फुलाबाईच म्हणायची, तुला नको ते, तुला दुसरं देते. का, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. धनाजीनं उरलेला कडबा एकदमच गव्हाणीत टाकला आणि मोटारसायकल काढून तो निघून गेला. फुलाबाई गोठ्यातच खाली बसली. डॉक्टर काहीही म्हणोत, आपल्याला समजत होतं. नातीपुरतं समजत होतं.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. शिवलीलाचा ताप उतरला होता, पोरगी झोपली होती. बसम्मा खाटेखाली बसून चादरीच्या दशांना गाठी मारत होती. काम तिनं इथंच आणलं होतं. शेजारच्या खाटेवर नवीन बाई आली होती आणि तिला पलीकडची बाई सगळं समजावून देत होती, की हिनं गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून पोरीची ही गत झाली, तू तसं करू नकोस. बसम्माला ते ऐकू जात होतं. ती मान हलवत होती. व्हय, माझीच चूक, असं त्या नवीन बाईला सांगतही होती.

फुलाबाई तिच्याजवळ फरशीवर बसली.

“बसम्मा, मी आणत हुते ते दूध दगडीच्या गाईचं हुतं,” ती म्हणाली. “सडात औषध सोडलेलं. इकायचं न्हाय म्हणून तुला देत हुते.”

बसम्माची बोटं थांबली नाहीत. एक गाठ, दुसरी गाठ. फुलाबाईला वाटलं तिला समजलं नसावं. तिनं पुन्हा सांगितलं, ट्यूब, चार दिवस, डॉक्टरचा शब्द, सासूचा शब्द, त्या दिवशी मुद्दाम पाडलेली किटली, सगळं. सृष्टीचंही सांगितलं. ते सांगताना तिला आपलाच आवाज ऐकवेना.

“दर वेळी?” बसम्मानं विचारलं.

“दर वेळी.”

“मधी कधी तरी चांगलं आणलं असशील की. दिवाळीला? पोरीच्या वाढदिवसाला?”

फुलाबाई आठवू लागली. मनापासून आठवू लागली. एखादा सण, एखादी पुनव, एक पेला. दिवाळीला बारा घरांना जादा दूध लागतं, त्या दिवशी वाटायला काही उरत नाही. वाढदिवस तिला ठाऊकच नव्हता. गाय व्याल्यावर खरवसासाठी चीक आणते म्हणाली होती, तो वरच्या मजल्यावरच्यांनी आगाऊ सांगून ठेवला होता.

“न्हाय,” ती म्हणाली.

बसम्मानं गाठ पुरी केली आणि दशा मांडीवर ठेवल्या.

“तू आलीस की पोरगी म्हणायची, आज फुलव्वाला आपली आठवण आली,” ती म्हणाली. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आठवण सांगावी तसं बोलली.

फुलाबाई उठली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलाशी गेली. समोर दोघी-तिघी उभ्या होत्या. तिनं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं, की अमुक एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मग म्हणाल्या, मी तुम्हाला त्या दिवशी शाब्बास म्हणाले होते.

“ते माघारी घ्या, बाई,” फुलाबाई म्हणाली. “आन् तिला बोलला ते बी माघारी घ्या. सगळ्यांच्या म्होरं बोलला हुता.”

डॉक्टरबाईंचे कान लाल झाले. पण त्या उठल्या, बसम्माच्या खाटेपाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की त्या दिवशी मी सगळा दोष तुमच्या एकटीवर टाकला, तसं नाही. कारण विचारायला बायकांना वेळ लागला नाही आणि सांगायला फुलाबाई तिथंच उभी होती. आता वॉर्ड तिच्याकडं बघू लागला. तिनं पदर तोंडावर घेतला नाही. बघू दे, म्हणाली मनात.

गोष्ट भवानी पेठेत पोचायला एक दिवस लागला. बारा घरांतही तिनं स्वतःच सांगितलं, की आजारी गाईचं दूध तुम्हाला कधी घातलं नाही, पण ते दुसऱ्याच्या लेकराला घातलं. तीन घरांनी रतीब तोडला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तोडला नाही, पण तेव्हापासून त्या भांडं हातात द्यायच्याऐवजी दाराशी ठेवू लागल्या. धनाजी आईशी आठ दिवस बोलला नाही. ट्यूब मात्र त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा आणली नाही. औषधाच्या दिवसांतलं मैनाचं दूध फुलाबाई शेणखड्ड्यात ओतायची. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवून ओतलं, मग सवय झाली.

दहा दिवस पुरे करून शिवलीला घरी आली. रोज सकाळी जिना चढताना फुलाबाई त्या खोलीकडं बघायची नाही. आतून पोरीच्या पाढ्यांचा आवाज यायचा आणि ती पायऱ्या भरभर चढून जायची. एकदा चांगलं दूध घेऊन दार वाजवावं असं तिला रोज वाटायचं. पण कुठल्या तोंडानं वाजवणार?

एके दिवशी ती खाली उतरली तेव्हा बसम्माच दारात उभी होती. एका हातात भांडं होतं, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

“उद्यापासनं पाव लिटर,” ती म्हणाली. “आजचं आताच घाल. रतीब लाव.”

तिनं मूठ पुढं केली, आत पैसे होते. फुलाबाई म्हणाली, “पैसं कसलं गं द्यायलीस? मी हाय तवर पोरीला फुकट घालीन. ह्या कॅनमधलंच घालीन, तुझ्या डोळ्यांदेखत.”

“फुकट नको, मावशी. तू जे इकतीस ते चांगलं असतंय. तूच म्हणालीस की.”

ती मावशी म्हणाली, फुलव्वा नाही. फुलाबाईचे हात खालीच राहिले. तेव्हा बसम्मानं भांडं उंबऱ्यावर ठेवलं, तिचं मनगट धरलं, बोटं एकेक करून उघडली, पैसे तळहातावर ठेवले आणि मूठ मिटवली. दशांना गाठी मारून मारून तिची बोटं खरखरीत झाली होती. दाराआडून शिवलीला बघत होती, पण ती पुढं आली नाही.

फुलाबाईनं पैसे कनवटीला लावले आणि माप भरलं. माप ओतून झालं की वर थोडं जादा घालायचं, ही रतीब घालणाऱ्यांची रीत. तिनं जास्तीचं घालायला माप पुन्हा कॅनमध्ये बुडवून वर काढलं, तोवर बसम्मानं भांडं मागं घेतलं होतं.

“बास,” ती म्हणाली. “पैशाचं तेवढंच झालं.”

आणि तिनं भांड्यावर ताटली ठेवली.